बायोडाटा वाचून जी शंका येते, तिचं उत्तर कव्हर लेटरमध्ये द्या

प्रश्न: मेकॅनिकल डिप्लोमानंतर मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) चार वर्षं क्वालिटीत होते. मुलगा झाल्यावर नोकरी सोडली, दोन वर्षं घरी आहे. जूनपासून आम्ही पुण्याजवळ भोसरीत राहायला आलो. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कंपन्यांना मेल पाठवते, पण एकाचंही उत्तर येत नाही. माझं कव्हर लेटर आणि बायोडाटा सोबत जोडला आहे. नेमकं काय चुकतंय? गॅपबद्दल लिहावं की गप्प बसावं? पत्र इंग्रजीतच हवं का? आणि हे पत्र खरंच कोणी वाचतं का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

वाचतात, पण सगळीकडे नाही. पोर्टलवर 'अप्लाय'चं बटण दाबून केलेल्या अर्जावर आधी फिल्टर लागतात. अनुभव किती, राहता कुठे, पगार किती, नोटीस पिरियड किती. तिथे पत्राला फारसा वाव नसतो. कन्सल्टन्सीमार्फत गेलात तर त्यातल्या बऱ्याच जणी तुमचा बायोडाटा स्वतःच्या फॉरमॅटमध्ये टाकून पुढे पाठवतात आणि पत्र त्यांच्याकडेच राहतं. वॉक-इनला फाइल घेऊन रांगेत उभं राहायचं. एमपीएससी किंवा आयबीपीएसला ठरलेला ऑनलाइन फॉर्म भरायचा आणि परीक्षा द्यायची. या सगळ्या ठिकाणी कव्हर लेटरवर रात्री जागवू नका.

पत्र वाचलं जातं ते कंपनीला किंवा विभागप्रमुखाला थेट मेल केला तर, कुणाच्या ओळखीतून बायोडाटा गेला तर, लिंक्डइनवर निरोप टाकला तर, आणि मालक स्वतः माणसं घेतो अशा लहान-मध्यम कारखान्यांत. आणि ते खरं उपयोगी पडतं ते ज्यांचा बायोडाटा सरळ रेषेत नाही त्यांना. मध्ये गॅप आहे, गाव बदललं आहे, कामाचं क्षेत्र बदलायचं आहे. तुमच्या बाबतीत तिन्ही गोष्टी आहेत. म्हणजे तुम्हाला पत्राची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, आणि नेमकं तेच सगळ्यात ढिलं झालंय.

वाचणारा कसा वाचतो तेही सांगतो. चाकण पट्ट्यात मी बरीच वर्षं भरतीचं काम केलं आहे. एचआरकडून सात-आठ मेल क्वालिटी हेडकडे फॉरवर्ड होतात. तो माणूस सकाळची मीटिंग संपवून लाइनवर चाललेला असतो, हातात फोन असतो. मेल उघडल्यावर त्याला आधी दिसतो तो मेलचा मजकूर. तुमच्या मेलमध्ये तिथे 'प्लीज फाइंड अटॅच्ड' एवढंच आहे, आणि पत्र वेगळ्या वर्ड फाइलमध्ये. ती फाइल फोनवर कोणी उघडत नाही. पहिली दुरुस्ती हीच: मेलचा मजकूर म्हणजेच कव्हर लेटर. बायोडाटा पीडीएफमध्ये जोडा, पत्र जोडू नका.

आता तुमचं पत्र. तुम्ही लिहिलंय त्याचा मराठीत आशय असा: 'आदरणीय सर/मॅडम, आपल्या नामांकित कंपनीत क्वालिटी इंजिनिअर या पदासाठी मी अर्ज करीत आहे. मी प्रामाणिक, मेहनती आणि टीममध्ये मिळूनमिसळून काम करणारी आहे. आपल्या कंपनीच्या प्रगतीत हातभार लावण्याची माझी इच्छा आहे. संधी दिल्यास संधीचं सोनं करीन.'

यात खोटं काही नाही. पण खाली दुसऱ्या कोणाचंही नाव घातलं तरी पत्र तसंच चालतं. वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल एकही नवी गोष्ट कळली नाही. याचं मूळ मला आपल्या शाळेतल्या अर्जलेखनात दिसतं. 'विषय : नोकरी मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की...' आपण सगळे तेच शिकलो. त्या अर्जात एक मागणारा आणि एक देणारा असतो. इथे मामला वेगळा आहे. त्या क्वालिटी हेडची एक जागा रिकामी आहे, तिचं काम तो स्वतः आणि उरलेली माणसं ओढतायत, आणि चुकीचा माणूस घेतला तर सहा महिन्यांनी पुन्हा हेच करावं लागणार आहे. तुम्ही किती नम्र आहात यापेक्षा तुमच्यामुळे त्याचं काम हलकं होईल का, हे त्याला हवंय.

तेव्हा पत्र लिहायला बसण्याआधी स्वतःचा बायोडाटा त्याच्या नजरेने वाचा. कुठे कपाळाला आठी पडते ते बघा. मी तुमचा वाचला तेव्हा माझ्या मनात आलेल्या शंका अशा.

पत्ता अजून कोल्हापूरचा आहे. म्हणजे ही बाई निवडली तरी येणार कधी, घर मिळालं नाही म्हणून परत जाणार का? ही शंका फुकटची आहे, तुम्ही भोसरीत राहता. पत्ता आजच बदला.

अनुभव फक्त फाउंड्रीचा, आणि जाहिरातीत मशीनिंगही (ओतलेला भाग मशीनवर कापून मापात आणण्याचं काम) लिहिलंय. ही खरी शंका आहे, तिच्याकडे येतो.

दोन वर्षं कोरी. काही खुलासा नाही.

आणि एक बारीक गोष्ट, जी तुमच्या लक्षात आली नसावी. तुम्ही 'टीएस १६९४९चं ज्ञान' असं लिहिलंय. वाहन उद्योगातलं ते क्वालिटीचं मानक २०१६ साली बदलून आयएटीएफ १६९४९ झालं, आणि २०१८च्या सप्टेंबरनंतर जुनी प्रमाणपत्रं चालेनाशी झाली. तुमची फाउंड्री आयएटीएफवरच चालत होती, तुम्ही कुणाचातरी जुना बायोडाटा समोर ठेवून लिहिलंय एवढंच. पण गॅप असलेल्या माणसाच्या कागदावर जुनं नाव दिसलं की वाचणारा लगेच 'हिचं ज्ञान मागे राहिलंय' असा अर्थ काढतो. तसंच एफएमईएचं, म्हणजे दोष कुठे होऊ शकतो याचा आधीच विचार करून भरायच्या तक्त्याचं. २०१९च्या नव्या हँडबुकात आरपीएन या धोक्याच्या आकड्याऐवजी आधी कशावर उपाय करायचा ते ठरवणारी ॲक्शन प्रायॉरिटी आली. तुमच्या फाउंड्रीत जुन्याच पद्धतीने भरत असतील तर हरकत नाही, पण इंटरव्ह्यूला जाण्याआधी नवी पद्धत वाचून जा.

आता मशीनिंगची शंका. माझ्या मते तुमचा अर्ज तिथेच अडतोय. गॅपमुळे अडतोय असं तुम्हाला वाटतंय, पण गॅप निदान समजण्यासारखा असतो. 'ही फाउंड्रीची आहे, आपल्याला मशीन शॉपचं माणूस हवंय' असं वाटलं की हेड पुढचा बायोडाटा उघडतो.

आणि इथेच तुमच्याकडे जे आहे ते तुम्ही लपवून ठेवलंय. तुमच्या बायोडाट्यात दुसऱ्या पानावर, कामांच्या लांबलचक यादीत 'रिजेक्शन कमी केले' एवढे तीन शब्द होते. मी उलट मेल करून विचारलं तेव्हा तुम्ही जे सांगितलं त्यावर आख्खा इंटरव्ह्यू होऊ शकतो. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्स हाउसिंगचं रिजेक्शन साडेसहा टक्क्यांच्या आसपास होतं, बहुतेक सँड इन्क्लुजनमुळे, म्हणजे ओतलेल्या भागात वाळू अडकल्यामुळे. शिफ्टवार आणि कोअर बॉक्सवार (कोअर म्हणजे भागातली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, कोअर बॉक्स त्याचा साचा) नोंदी तुम्ही सुरू केल्या. त्यातून दिसलं की दोष रात्रपाळीच्या आणि एकाच कोअर बॉक्सच्या मालात जास्त आहे. कोअर साफ करायची पद्धत बदलली, वाळूची चाचणी दर दोन तासांनी व्हायला लागली, आणि आठ महिन्यांत आकडा तीनच्या आत आला. दुसरी गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितली: मशीनिंग करताना ब्लोहोल (वायूमुळे आत राहिलेली छिद्रं) उघडे पडून कस्टमरकडून परत आलेला माल तुमच्याच टेबलावर यायचा, आणि एट-डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय मांडणारा अहवाल) तुम्हीच लिहायचात.

चाकणच्या कंपनीत सप्लायर क्वालिटीचा इंजिनिअर काय करतो? शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या, कागलच्या फाउंड्र्यांकडून येणारं कास्टिंग (ओतलेला भाग) मशीनवर चढल्यावर का फुटलं हे विचारायला तिथे जातो. तिकडे त्याला ऑडिटच्या दिवशी झाडून ठेवलेलं शॉप दिसतं. तुम्ही ते शॉप रोज पाहिलंय. दिलेल्या एट-डीमधला 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिले' हा शेरा कधी खरा असतो आणि कधी वेळ मारून नेण्यासाठी असतो, हे तुम्हाला कळतं. ज्याला तुम्ही उणीव समजताय ती सप्लायर क्वालिटीच्या खुर्चीसाठी जमेची बाजू आहे. म्हणून सगळ्या 'क्वालिटी इंजिनिअर' जाहिरातींना सरसकट अर्ज करू नका. कास्टिंग विकत घेणाऱ्या कंपन्या, आणि त्यांतलं सप्लायर क्वालिटी किंवा इनवर्ड क्वालिटी (आत येणाऱ्या मालाची तपासणी), इथे जोर लावा.

हे सगळं पत्रात कसं बसतं ते दाखवतो. इथे मराठीत लिहितोय, पाठवताना इंग्रजीत करायचं.

मेलचा विषय : सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, कास्टिंगचा ४ वर्षं अनुभव, मुक्काम भोसरी, लगेच रुजू

'नमस्कार, तुमच्या चाकण प्लँटसाठी सप्लायर क्वालिटी इंजिनिअर हवा असल्याची जाहिरात पाहिली. तुम्ही कास्टिंग घेता तशा एका फाउंड्रीत मी चार वर्षं क्वालिटीचं काम केलं आहे.

तिथे ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्स हाउसिंगचं रिजेक्शन साडेसहा टक्क्यांच्या आसपास होतं. शिफ्ट आणि कोअर बॉक्सनुसार नोंदी ठेवून सँड इन्क्लुजन नेमकं कुठून येतंय ते मी शोधलं. प्रॉडक्शनसोबत कोअर साफ करण्याची पद्धत बदलली, वाळूच्या चाचण्या वाढवल्या. आठ महिन्यांत रिजेक्शन तीन टक्क्यांच्या आत आलं.

मशीन शॉपमध्ये मी थेट काम केलेलं नाही. मशीनिंगनंतर ब्लोहोल दिसून परत आलेल्या मालाची कारणं शोधणं आणि कस्टमरला एट-डी रिपोर्ट देणं हे माझ्याकडे होतं. पीपीएपीच्या फाइल तयार केल्या आहेत आणि कस्टमर ऑडिटला फाउंड्रीच्या बाजूने बसले आहे.

मुलाच्या जन्मानंतर दोन वर्षं नोकरी करत नव्हते. आता पूर्ण वेळ कामाला तयार आहे. भोसरीत राहते, सप्लायरकडे जाण्यासाठी प्रवास करू शकते. बायोडाटा सोबत जोडला आहे.'

खाली नाव आणि मोबाइल नंबर. संपलं. फोनवर दोनदा बोट सरकवलं की वाचून होतं. (पत्रातली पीपीएपी म्हणजे नवा भाग पुरवण्याआधी कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं.)

यात काही गोष्टी मुद्दाम केल्यात. 'मी मेहनती आहे' कुठेच नाही, पण रात्रपाळीच्या नोंदी काढून बसलेली बाई मेहनती असणार हे वाचणारा आपलं आपण समजून घेतो. 'प्रॉडक्शनसोबत' हा शब्द ठेवलाय, कारण फाउंड्रीत कुठलाही दोष क्वालिटीवाला एकटा कमी करत नाही. एकटीने केलं असं लिहिलंत तर अनुभवी माणूस तिथेच हसतो. कस्टमरचं नाव घातलेलं नाही. जुन्या कंपनीचे आतले आकडे कस्टमरच्या नावासकट बाहेर सांगणारी व्यक्ती उद्या आपलेही सांगेल, असं त्याला वाटू नये. मशीन शॉपमध्ये काम केलेलं नाही हे आपणहून कबूल केलंय, कारण ते बायोडाट्यातून दिसणारच आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पत्रात जे ठोस लिहाल त्यावरच इंटरव्ह्यूचा पहिला प्रश्न येतो. 'रिजेक्शन मोजायचात कसं, नगावर की वजनावर?' 'कोअर बॉक्सचाच दोष आहे हे पक्कं कसं केलंत?' 'तीनच्या आत आल्यावर पुढे किती महिने टिकलं?' या तिन्हींची उत्तरं आजच वहीत लिहून ठेवा. ज्या आकड्याबद्दल तीन प्रश्न झेलता येत नाहीत तो पत्रात घालू नका, खरा असला तरी. आठवत नसेल तर 'जवळपास निम्म्यावर आलं' असं लिहिलेलं बरं.

गॅपबद्दल: एक वाक्य, सरळ, आणि पुढे जा. 'काही वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलं की वाचणारा नसत्या शंका काढतो. उलट अर्धं पत्र त्या खुलाशात घालवलं तर वाटतं की अजून काहीतरी अडचण आहे. सासूबाई मुलाला सांभाळणार आहेत, पाळणाघर बघून ठेवलंय, हे लिहू नका. पुरुष उमेदवाराला कोणी हे विचारत नाही. यजमानांची बदली झाली म्हणून भोसरीत आलो, हेही नको. ते वाचून 'पुन्हा बदली झाली तर?' एवढंच मनात येतं. तुम्ही भोसरीत राहता, इतकं पुरे. शिफ्टची खरोखर तयारी असेल तर 'शिफ्टला तयार' हे दोन शब्द जरूर घाला, कामाला येतात. तयारी नसेल तर लिहू नका, इंटरव्ह्यूत बोलता येतं.

पगाराचा उल्लेख जाहिरातीत मागितला असेल तरच. तिथे 'करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड कळवा' असं लिहिलेलं असूनही पुष्कळ जण ते गाळतात आणि मग अर्ज बाजूला पडतो. विचारलंय तर शेवटी एका ओळीत द्या. तुमच्या बाबतीत शेवटचा पगार आणि तो कोणत्या वर्षीचा. विचारलं नसेल तर आपणहून आकडा सांगून स्वतःचे हात बांधून घेऊ नका.

भाषेचं सोपं आहे. जाहिरात ज्या भाषेत, पत्र त्या भाषेत. चाकणला इंग्रजी. सहकारी साखर कारखाना, पतसंस्था, मराठी शाळा यांची जाहिरात मराठीत असेल तर नीट मराठीत लिहा, तिथे ओढूनताणून इंग्रजी केलेलं शोभत नाही. तुमचं इंग्रजी साधं आहे याची लाज वाटून घेऊ नका. छोटी वाक्यं करा. क्वालिटी हेडचं स्वतःचं इंग्रजीही बहुतेक वेळा तसंच असतं.

एआयकडून लिहून घ्यावं का, हेही आता सगळे विचारतात. व्याकरण तपासायला, इंग्रजी नीट करायला घ्या, काही बिघडत नाही. पण 'मला कव्हर लेटर लिहून दे' असं सांगून जे मिळतं ते संधीचं सोनंच, फक्त गुळगुळीत इंग्रजीत. एकाच जागेसाठी आलेल्या पत्रांत पहिलं वाक्य जवळजवळ एकसारखं असतं, आणि ते ओळखायला एचआरला आता वेळ लागत नाही. तुमचा कोअर बॉक्स मशीनला माहीत नाही. तो आधी तुम्ही लिहा, मग हवं तर इंग्रजी घासून घ्या.

पाठवण्याबद्दल थोडं. 'टू'मध्ये एकदम चाळीस कंपन्यांचे पत्ते घालून आलेले मेल मी पाहिलेत. प्रत्येकाला बाकीचे एकोणचाळीस दिसत असतात. एका वेळी एकच. मजकूर कॉपी केला असेल तर मागच्या कंपनीचं नाव राहिलं नाही ना ते बघा, हे फार होतं. फाइलचं नाव 'रिझ्युमे फायनल न्यू २' ठेवू नका, आपलं नाव आणि पद ठेवा, कारण ती फाइल फॉरवर्ड होत होत कुणाच्या तरी डाउनलोडमध्ये शंभर रिझ्युमेंच्या गर्दीत पडते. विभागप्रमुखाचं नाव लिंक्डइनवर सापडलं तर नावाने लिहा, नाही तर 'डिअर हायरिंग टीम' चालतं. 'रिस्पेक्टेड सर' नको. निम्म्या वेळा पलीकडे मॅडम असतात. कुणा ओळखीच्याचं नाव घालणार असाल तर आधी त्याला विचारा, कारण पहिला फोन त्यालाच जातो.

तुमच्या मेलमध्ये शेवटी जर्मनीतल्या नोकऱ्यांचाही उल्लेख आहे. तिथला रिवाज वेगळा. पत्र जोडलेलं असण्याची अपेक्षा अजूनही बऱ्याच ठिकाणी असते, एका पानाचं, आणि मांडणीसाठी डीआयएन ५००८ नावाचं मानकच आहे. इंग्लंडमध्ये सरकारी आणि एनएचएसच्या जागांना पात्रतेच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणारं निवेदन लिहावं लागतं, तिथे मी सांगतो तसली छोटी पत्रं चालणार नाहीत. पण तो विचार नंतर. आधी इथली नोकरी.

मेल गेल्यावर सात-आठ दिवस थांबा. मग त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी: जागा अजून रिकामी आहे का, आणि या आठवड्यात केव्हाही भेटायला येऊ शकते. एकदाच. व्हॉट्सॲपवर रात्री 'सर, काय झालं?' नको. फोन येईल तो बहुतेक सकाळी दहा ते बारामध्ये, अनोळखी नंबरवरून, आणि पहिलाच प्रश्न असेल 'आत्ता बोलता येईल का?' त्या वेळात मुलाला कोण घेईल ते घरी आधीच ठरवून ठेवा, आणि ज्या कंपन्यांना मेल केलेत त्यांची यादी पदाच्या नावासकट फोनजवळ असू द्या.